डबीतला सुवास जातो कुठे?

गेल्या वेळी या सदरात आम्ही क्रीमच्या डबीवरील बारीक अक्षरांतला मजकूर कसा वाचावा याविषयी लिहिले होते. त्यावर भगिनींची काही पत्रे आली. गंमत अशी की त्यातील तीन पत्रांत मूळ प्रश्न एकच आहे. नवी डबी उघडली की खोलीभर वास दरवळतो. अर्धी डबी संपेतो तो निम्मा होतो, आणि तळाला बोट लागेपर्यंत नुसता मेणचट वास उरतो. एका भगिनीने विचारले आहे, "दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला का?" दुसरीचा संशय याहून पुढचा आहे. कंपनी वरच्या थरालाच अत्तर लावते आणि खाली साधे क्रीम भरते, असे तिला वाटते. तिसरी म्हणते की डबीतला वास टिकतो, पण तोंडाला लावल्यावर अर्ध्या तासात नाहीसा होतो, मग पैसे कशाचे दिले?

संशय घेणे ही चांगली सवय आहे. ज्यांना पिढ्यानपिढ्या मापात आणि हिशेबात फसवले गेले, त्यांनी तर ती जपलीच पाहिजे. परंतु संशयाच्या पुढची पायरी म्हणजे तपासणी. ती आज आपण करू. विषय रसायनशास्त्राचा आहे आणि आम्ही वाणिज्य शाखेचे. तेव्हा जमेल तेथे हिशेबाच्या भाषेत सांगू.

पहिली गोष्ट. वास ही काही हवेत तरंगणारी अदृश्य शक्ती नाही. तो पदार्थच असतो. क्रीममधील सुगंधी द्रव्याचे रेणू डबी सोडून हवेत जातात, श्वासाबरोबर नाकात शिरतात आणि तेव्हाच आपल्याला वास येतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या वासाचा आनंद तुम्ही घेतला, तेवढे द्रव्य मालातून वजा झालेले असते. जे डबीत शिल्लक आहे त्याचा वास येत नाही. जे निघून गेले त्याचाच येतो. म्हणजे सुवास हा जमेच्या बाजूचा नसून खर्चाच्या बाजूचा आकडा आहे. मुळीच न उडणारे अत्तर कुणी बनवलेच, तर ते कायम टिकेल खरे, पण त्याला वासही नसेल.

आता काहींना वाटेल की पदार्थ उडून जायला तो उकळावा लागतो. तसे नाही. दोरीवर वाळत घातलेले लुगडे उकळत नाही, तरी त्यातले पाणी जाते. प्रत्येक द्रवाचे काही रेणू कोणत्याही तापमानाला पृष्ठभाग सोडून हवेत जातच असतात. त्यांचा हा जो बाहेर पडण्याचा रेटा, त्याला बाष्पदाब म्हणतात. कुणाचा रेटा जोराचा, कुणाचा मंद. उत्कलनबिंदूवरून त्याचा साधारण अंदाज येतो.

स्वयंपाकघरातील आणि बाजारातील ओळखीच्या वासांवरून पाहू. नागपुरी संत्र्याची साल दुमडून दाबली की जो फवारा उडतो, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन नावाचे द्रव्य असते. ते १७६ अंश सेल्सिअसला उकळते. धन्याच्या तेलात मुख्यतः लिनालूल असते. तेच लॅव्हेंडरच्या फुलातही आहे. ते १९८ अंशांना उकळते. लवंगेतील युजेनॉल २५४ अंशांना आणि आइस्क्रीममधील व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलीन २८५ अंशांना. चंदनाच्या तेलातील सँटॅलॉल तीनशेच्याही वर. हे आकडे वरवर फार लांबचे वाटत नाहीत, पण खोलीच्या तापमानाला रेट्यातील फरक प्रचंड पडतो. लिमोनीनचा बाष्पदाब व्हॅनिलीनच्या कित्येक हजार पट आहे. म्हणून संत्रे सोलले की शेजारच्या घरात कळते आणि पाच मिनिटांत विसरले जाते. चंदनाच्या पेटीत ठेवलेली साडी मात्र वर्षभराने काढली तरी वास सांगते.

विल्यम पाउचर नावाच्या इंग्रज सुगंधतज्ज्ञाने या गोष्टीचा चिकाटीने अभ्यास केला. सौंदर्यप्रसाधनांवरील त्याचा मोठा ग्रंथ १९२३ साली निघाला होता. पुढे पन्नासच्या दशकात त्याने शेकडो सुगंधी द्रव्ये कागदाच्या पट्ट्यांवर घेऊन, प्रत्येकाचा वास किती काळ टिकतो हे हुंगून नोंदवले आणि त्यांना १ ते १०० असे क्रमांक दिले. १ ते १४ वाले आरंभीचे, १५ ते ६० वाले मधले आणि त्यापुढचे तळाचे. चंदन आणि पॅचोली शंभरच्या रांगेत बसले. यंत्राविना, केवळ नाकाने आणि वहीने केलेले हे काम आहे. आमच्यासारख्या नोंदवहीवर पोट भरणाऱ्याला त्याचे अप्रूप वाटते.

आता अत्तर बनवणारा या तिन्ही थरांतली द्रव्ये मिसळतो. दुकानात डबीचे झाकण उघडून तुम्ही हुंगता, तेव्हा नाकात जातात ते बहुतांशी आरंभीचे, पळपुटे रेणू. लिंबू, संत्रे, ताजे गवत, असे. तुमचा निर्णय त्या दहा सेकंदांत होतो आणि पैसे दिले जातात. घरी आल्यावर तुमच्याजवळ उरतात मधले आणि तळाचे. ही फसवणूक नव्हे, परंतु विक्रीची कला मात्र नक्कीच आहे. म्हणून क्रीम किंवा पावडर घ्यायची असेल तर मनगटाला लावून बाजारात अर्धा तास फिरून यावे आणि मग हुंगून ठरवावे. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्याव्यात.

सुवास किती वेगाने जातो, याचा हिशेब घसाऱ्यासारखा आहे. ज्यांनी वाणिज्य शाखेतून परीक्षा दिली त्यांना घसाऱ्याच्या दोन पद्धती आठवत असतील. एक सरळ रेषेची, म्हणजे दरसाल ठराविक रक्कम वजा. दुसरी घटत्या मूल्याची, म्हणजे दरसाल जे शिल्लक असेल त्याच्या ठराविक टक्के वजा. शुद्ध द्रव्याचा थेंब काचेवर उघडा ठेवला आणि त्याचा पसारा तेवढाच राहिला, तर तो पहिल्या पद्धतीने जातो. दर मिनिटाला साधारण सारखाच, आणि मग एकदम संपतो. परंतु तेच द्रव्य थोड्या प्रमाणात तेलात विरघळवले, तर ते दुसऱ्या पद्धतीने जाते. शंभरातून दहा गेले की नव्वद. मग नव्वदातून नऊ गेले की एक्क्याऐंशी. मग बहात्तर रुपये नव्वद पैसे. सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे रेंगाळत. याचे कारण राउल्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. मिश्रणातील घटकाचा रेटा हा त्याच्या मिश्रणातील हिश्श्याप्रमाणे असतो. शंभर माणसांच्या सभेत एखाद्याचा आवाज जसा कमी ऐकू येतो, तसेच काहीसे.

क्रीममध्ये अत्तराचा हिस्सा असतो तरी किती? बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. बाकी पाणी, तेल, मेण, ग्लिसरीन. आणि येथेच खरी गुंतागुंत सुरू होते, कारण क्रीम हे साधे मिश्रण नाही. ते पायस आहे. पायस म्हणजे काय, हे रोज सकाळी आपण चहात ओततो. दूध हे पाण्यात स्निग्धाचे बारीक थेंब तरंगत असलेले पायस आहे. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. त्यांच्यामध्ये तडजोड घडवणारा तिसरा पदार्थ लागतो. त्याचे एक टोक पाण्याशी सोयरीक करते, दुसरे तेलाशी. त्याला पायसकारी म्हणतात.

क्रीमचे ठोकळमानाने दोन प्रकार. तेलात पाण्याचे थेंब असलेले, आणि पाण्यात तेलाचे थेंब असलेले. पहिल्याचा इतिहास फार जुना. दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणारा ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर कोल्ड क्रीम मांडले जाते. मधमाशीचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून ते करीत. लावल्यावर त्यातले पाणी उडते आणि त्वचेची उष्णता घेऊन जाते, म्हणून ते थंड लागते, म्हणून कोल्ड. दुसरा प्रकार व्हॅनिशिंग क्रीमचा, ज्याला आपल्याकडे जुन्या पिढीत स्नो म्हणत. मुंबईत १९१९ साली निघालेला अफगाण स्नो अनेकांच्या आजींनी वापरला असेल. स्टिअरिक आम्लाचा काही भाग क्षाराने साबण करून, त्या साबणाच्याच मदतीने बाकीचे आम्ल पाण्यात घोटायचे, अशी त्याची रीत. लावले की पाणी उडून जाते, वर न दिसणारा पातळ थर उरतो आणि क्रीम जणू अदृश्य होते.

आता या दोन खोल्यांच्या घरात, म्हणजे एक खोली तेलाची आणि एक पाण्याची, सुगंधी रेणू कुठे राहतात? ज्याची जशी आवड. लिमोनीनला पाणी मुळीच सोसत नाही; लिटरभर पाण्यात ते काही मिलिग्रॅमच विरघळते. ते जवळजवळ सगळे तेलाच्या थेंबांत जाऊन बसते. याउलट गुलाबाच्या वासाचे एक मुख्य द्रव्य आहे, फेनिलएथिल अल्कोहोल. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. म्हणूनच गुलाबाचे ऊर्ध्वपातन केले की ते तेलापेक्षा गुलाबपाण्यातच अधिक उतरते. असा रेणू क्रीममध्ये दोन्ही खोल्यांत संसार मांडतो.

जो रेणू जेथे सुखाने राहतो, तेथून तो लवकर बाहेर पडत नाही. हे घरी करून पाहता येते. दोन वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत वास नसलेले रिफाइंड तेल. दोन्हींवर संत्र्याची साल सारख्याच वेळा दाबा आणि थोडे ढवळा. पाण्याची वाटी ओरडून सांगेल, तेलाची कुजबुजेल. पण तासाभराने हुंगाल तर पाण्याच्या वाटीतला वास ओसरलेला असेल आणि तेलाच्या वाटीत अजून शिल्लक असेल. द्रव्य तेच, प्रमाण तेच. फक्त बिऱ्हाड वेगळे. तेच अत्तर एखाद्या पाणीदार लोशनमध्ये एक वास देते आणि दाट क्रीममध्ये दुसराच, त्याचे कारण हेच. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन वस्तूंचा वास जुळत नसेल तर लगेच नकली म्हणून आरोळी ठोकू नये.

येथे एक बारकावा आहे, जो अनेकांना चकवतो. थेंब लहान केले तर वास जास्त कोंडला जाईल, असे वाटते. झाकण लावून डबी पुरेसा वेळ ठेवली तर तसे होत नाही. तेल, पाणी आणि वरची हवा या तिघांत वाटणी ठरून जाते, आणि ती वाटणी तेल किती, पाणी किती आणि द्रव्याची आवड कुठे यावर ठरते. थेंब लहान की मोठे याने आकडा फारसा हलत नाही. पण झाकण उघडून क्रीम गालावर पसरले की सगळे बदलते. तेथे वाटणीला वेळच मिळत नाही. आता प्रश्न वेगाचा येतो. रेणू किती दाट थरातून वाट काढतो, वारा किती, उष्णता किती.

गालावर काय घडते ते पाहा. डबीतला बोटभर जाडीचा गोळा केसाएवढ्या जाडीचा, किंबहुना त्याहून पातळ थर होतो. आत दडायला जागाच राहत नाही. त्वचा बत्तीस अंशांच्या आसपास तापलेली असते. पहिल्या काही मिनिटांत पाणी उडते. त्याबरोबर पाण्याच्या खोलीत राहणाऱ्यांचे छप्परच जाते. काही तेलात आसरा घेतात, उरलेले हवेत जातात. म्हणून क्रीम चोळताच वासाचा एक झोत येतो. मग उरतो तेलाचा थर, आणि त्यात अडकलेले जड रेणू सावकाश निघत राहतात. थोडा भाग त्वचेतही मुरतो. तिसऱ्या भगिनीच्या अर्ध्या तासाचा जबाब हा असा आहे. मुंबईच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात क्षणात, त्यामुळे तेच क्रीम दोन्हीकडे वेगळे वागते.

आणखी एक साक्षीदार तपासला पाहिजे, तो म्हणजे स्वतःचे नाक. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणे थांबवते. मासळी विकणाऱ्या बाईला मासळीचा वास येत नाही आणि अत्तरवाल्याला अत्तराचा. तेव्हा वास गेला असे तुम्हाला वाटते, त्याच वेळी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला तो येत असतो. घरातल्या कुणाला तरी विचारून मगच निकाल द्यावा.

आता दुसऱ्या भगिनीचा संशय. वरच्या थरालाच अत्तर असते का? परीक्षा सोपी आहे. अर्धी झालेली, वास उतरलेली डबी घ्या. कोरड्या स्वच्छ चमच्याने एका कडेने खोल उकरा आणि खालचे क्रीम हुंगा. बहुधा खालचा वास वरच्यापेक्षा ताजा निघेल. म्हणजे संशयाच्या अगदी उलट! क्रीम घट्ट असते, आपोआप ढवळले जात नाही. हवेला लागलेला वरचा थर आधी रिता होतो आणि खालून नवे रेणू मुंगीच्या पावलाने वर येतात. झाकण सैल राहिले, डबी खिडकीच्या उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर राहिली, तर हे काम वेगाने होते.

डबीही काही निर्दोष नाही. काचेतून सुगंध जात नाही. पण पातळ प्लास्टिक लिमोनीनसारखी द्रव्ये शोषून घेते आणि हळूहळू बाहेरही सोडते. खोबरेल तेलाची रिकामी प्लास्टिकची बाटली कितीही धुतली तरी वास जात नाही, त्यामागे हेच. काही प्लास्टिकला तर लिमोनीन विरघळवूनच टाकते. संत्र्याच्या सालीचा फवारा थर्मोकोलवर मारून पाहावा, खड्डा पडतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. म्हणून मोठ्या डबीतले क्रीम स्वस्तातल्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवण्याची जी सवय आहे, ती सोडावी.

या साऱ्याची किंमत प्रत्यक्ष पैशात कशी मोजावी लागते, त्याचे एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. आमच्या वस्तीतील महिला बचत गटाने क्रीम करून पाहायचे ठरवले. हिशेब लिहायला आम्हाला बोलावले होते. खोबरेल तेल, इमल्सिफायिंग वॅक्स, ग्लिसरीन, पाणी, टिकवण्याचे औषध, असा सगळा माल आणला. त्यात सर्वांत महाग बाटली अत्तराची. बायांनी तेल-मेण एका पातेल्यात आणि पाणी दुसऱ्या पातेल्यात सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवले, एकत्र केले, रवीने घोटले. क्रीम सुरेख आले. त्याच गरम पातेल्यात बाटली ओतली. गल्लीच्या टोकापर्यंत मोगरा दरवळला. सगळ्या खूष झाल्या. दुसऱ्या दिवशी डब्या उघडल्या तर मोगऱ्याचा मागमूस नाही, मेणाचा वास. गटाच्या ताईंना वाटले, बाटलीवाल्याने फसवले.

बाटलीवाला बिचारा निर्दोष होता. तापमान पंचवीसवरून पंचाहत्तर अंशांवर नेले की लिमोनीनसारख्या द्रव्याचा रेटा दहापटींहून अधिक वाढतो. शिवाय गरम पाण्याची वाफ त्याला आपल्याबरोबर घेऊन निघते. उत्तर प्रदेशातील कन्नौजला अत्तर काढतात ते याच युक्तीने. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी, खाली विस्तव, झाकणाच्या सांध्याला माती, आणि वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात. भपक्यात चंदनाचे तेल असते. ते सुवास धरून ठेवते. आमच्या भगिनींनी डेग पेटवली, पण भपका लावला नाही. जे भपक्यात उतरायचे ते गल्लीत उतरले. पुढच्या वेळी त्यांनी क्रीम हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे चाळीस अंशांच्या खाली येईपर्यंत घोटत राहून मग अत्तर घातले, आणि लगेच काचेच्या बरण्यांत भरले. वास राहिला. निम्म्या अत्तरात भागले, ही नोंद आम्ही वहीत लाल शाईने केली. मात्र असे क्रीम घरापुरते ठीक. विकायचे असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे आधी करावी. तो न घेता बाजारात बसू नये.

कन्नौजच्या चंदनतेलाचा उल्लेख आला, तर स्थिरकाविषयी दोन शब्द. जड, सावकाश उडणारे द्रव्य घातले की हलक्या द्रव्याचा रेटा कमी होतो. राउल्टचा तोच नियम. चंदन महाग झाले, तेव्हा स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिन तेलासारखी द्रव्ये आली. मोठे कारखाने आता सुगंध अतिसूक्ष्म कुप्यांत भरतात. त्या घासल्या की फुटतात आणि वास नव्याने येतो. या कुप्यांचे कवच बहुधा प्लास्टिकच्या जातीचे असते. युरोपीय संघाने २०२३ साली मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर बंदीचा जो नियम केला, त्यात सुगंधाच्या कुप्यांना २०२९ पर्यंत मुदत दिली आहे.

येथवर आम्ही उडून जाणाऱ्याविषयी बोललो. जे उडत नाही त्याचे काय? खरा विषय तेथे आहे. उघड्या डबीतील लिमोनीन आणि लिनालूल यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये काहींच्या त्वचेला बाधतात. खाज, पुरळ, लाली येते. ताजे क्रीम सोसते आणि तीच डबी सहा महिन्यांनी बाधते, असे होऊ शकते. म्हणून युरोपात २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली गेली. त्वचेवर राहणाऱ्या मालात यांपैकी एखादे दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त असेल, तर त्याचे नाव वेगळे छापलेच पाहिजे. २०२३ साली ही यादी ८० च्या वर नेण्यात आली. लिलिअल नावाच्या एका लोकप्रिय फुलवासाच्या द्रव्यावर तर मार्च २०२२ पासून तेथे बंदीच आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी छापावी लागते. पण सुगंधापुढे बहुधा 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढा एकच शब्द असतो. त्या एका शब्दाच्या पोटात पन्नास द्रव्ये असू शकतात. आमच्या कचेरीत 'इतर खर्च' या खात्यात जे जाते, ते कुणी विचारत नाही. तसाच हा प्रकार. 'अनसेंटेड' असे छापले म्हणजे सुगंध नाहीच असेही समजू नये. कधी कधी तेला-मेणाचा मूळ वास झाकण्यापुरते सुगंधी द्रव्य त्यातही असते.

आणि वास चांगला म्हणून क्रीम चांगले, हा समज तर समूळ काढून टाकला पाहिजे. आठवडी बाजारात गोरेपणाची म्हणून जी बेनावाची क्रीमे मिळतात, त्यांतल्या काहींत पारा असतो. पाऱ्याच्या क्षारांना वास नसतो. नियमाप्रमाणे साध्या प्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, कारण तो मूत्रपिंडे निकामी करतो. काहींत स्टेरॉइड असते. तशी अनेक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. चेहरा पंधरा दिवसांत उजळला आणि वास गुलाबाचा आला, तर आनंद मानू नये, डबी घेऊन सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात जावे.

कुणी म्हणेल, मग हे नसते चोचले हवेतच कशाला? आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या घरांतील आई-आजींना रस्त्यात पाहून लोकांनी नाकाला पदर लावला, त्या घरच्या लेकीने आज स्वतःच्या पगारातून सुवासाची डबी घेतली तर तिला साधेपणाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिने घ्यावी. फक्त डोळे उघडे ठेवून घ्यावी.

तर तिन्ही भगिनींसाठी. लहान डबी घ्यावी, जी दोन-तीन महिन्यांत संपेल. मोठी स्वस्त पडते, पण तिचा शेवटचा तिसरा हिस्सा तुम्ही बिनवासाचा विकत घेता. झाकण घट्ट लावावे, डबी सावलीत आणि चुलीपासून दूर ठेवावी. बोटाऐवजी कोरडा चमचा वापरला तर क्रीम नासतही नाही. वास खवट, म्हणजे जुन्या शेंगदाण्यासारखा आला तर सुगंध उडाला असे नसून तेल बिघडले आहे; ते टाकून द्यावे. आणि जिने जुन्या मालाविषयी विचारले, तिने डबीच्या बुडाशी छापलेली उत्पादनाची तारीख व 'यापूर्वी वापरावे' ही तारीख पाहून आम्हाला कळवावी. तारीख खाडाखोड केलेली असेल तर डबी आणि पावती दोन्ही जपून ठेवावी.

पुढील अंकी साबणाच्या वेष्टनावरील टीएफएमचा आकडा. घरात जो साबण असेल त्याचे वेष्टन तोवर फेकू नये.